गोकुळ रोडवरनं दिसणारी दलदल

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. चार माणसं एका खोलीत बसवा, खिडक्यांना जाड पडदे लावा, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवा आणि जिथं चिटपाखरू नाही अशी जागा दिवसभर बघायला लावा. कोपऱ्यात धूळ साठते तसे किस्से साठतात. आज झाडून काढले तरी उद्या आहेतच! मी गेली कित्येक वर्षं असल्याच खोलीत बसते, त्यामुळं माझ्याकडं ढीग झालाय.

आमचं ऑफिस हुबळीत, गोकुळ रोडला. खाली लेथचं वर्कशॉप, वर आम्ही. खाली लोखंड कापतात, वर आम्ही कॅनडा कापतो. म्हणजे नकाशे करतो हो! त्या देशाच्या पार उत्तरेला एक भलीमोठी नदी आहे. तिच्या दोन्ही अंगांना नुसती दलदल. तळी, डबकी, फाटे, बेटं, शेवाळ. वर्षातले बरेच महिने सगळं गोठलेलं आणि उरलेले महिने सगळं ओलं. विमानातनं त्या जागेचे दोन-दोन बाजूंनी फोटो काढलेले असतात. चष्मा घालून स्क्रीनकडं बघितलं की झाडं वर येतात, खड्डे खाली जातात. मग माऊस धरायचा आणि पाण्याच्या काठाकाठानं रेघ ओढत जायचं. पाणी कुठं संपलं आणि जमीन कुठं सुरू झाली हे त्या जमिनीला तरी माहीत आहे की नाही, देव जाणे. आम्हाला मात्र ठरवावं लागतं.

माझं काम दुसऱ्यांच्या चुका काढायचं. क्वालिटी चेक म्हणतात त्याला. रोज धारवाडहून बसनं येते, रायापूर येईपर्यंत डुलकी काढते आणि हुबळीत उतरले की चुका काढायला मोकळी. ऑफिसात तोंडावर मला सगळे अक्का म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं सांगायचं कारण नाही.

* * *

पहिला मान खंडेनवमीचा.

आमचे मालक हिरेमठ सर. पूजेच्या बाबतीत एकदम कडक. त्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागलंच पाहिजे. सर्व्हर, यूपीएस, माऊस, चष्मे, सगळे मॉनिटर. एसीच्या रिमोटलासुद्धा झेंडूचं फूल!

सणाची सुट्टी संपली, काम सुरू झालं. शिल्पा म्हणून आमच्याकडं एक मुलगी आहे, कलघटगीला दिलेली, तिथनं रोज ये-जा करते. ती उठून सरांकडं गेली.

"सर, तळ्यात एक बेट आहे."

"असू दे की. काढ."

"काढलं होतं सर. पण ते आता पुढच्या तळ्यात आलंय."

सर आले, चष्मा घातला, बघितलं. बेट होतं खरं. शिल्पानं नकाशा सरकवला, तर बेट आमच्यासोबत पुढं आलं. सरांचा चेहरा एकदम उजळला. ते म्हणाले, दलदलीत शेवाळाचे थर सुटून पाण्यावर तरंगतात, मी वाचलंय. "तरंगतं बेट! आपल्याला तरंगतं बेट सापडलं, अक्का!" आणि लगोलग कॅनडाला मेल. त्यात 'दुर्मिळ' हा शब्द दोनदा.

मला मेली शंकेची खोडच. मी चष्मा काढला, खिडकीचा पडदा सारला आणि उजेडात मॉनिटर बघितला. हळदीचं बोट! चांगलं वाळून घट्ट बसलेलं. ओढणीच्या टोकानं पुसलं, बेट गेलं.

"मेल गेला की हो!" सर खुर्चीत बसले. तेवढ्यात तिकडनं उत्तर आलं. तुमच्या नजरेचं कौतुक वाटतं, बेटाचं नेमकं ठिकाण कळवावं.

"आता काय कळवू?" सर रडकुंडीला आले.

मी म्हटलं, "कळवा की! मॉनिटर नंबर तीन, खालचा डावा कोपरा!"

* * *

विनायक हा आमच्यातला सगळ्यात चांगला हात. रेघ अशी ओढतो की मला चूक काढायला मिळत नाही. त्यामुळं एखादा दिवस माझा फुकट जातो.

त्याचं घराणं मूळ निपाणीकडचं. आजोबा हुबळीला आले आणि बाजारात किराण्याचं दुकान टाकलं. आता अप्पा, म्हणजे त्याचे वडील, ते चालवतात. विनायक एकुलता एक. पोरगा कॉमर्सला जाईल, मग गल्ल्यावर बसेल, असा साधा हिशोब होता. पोरगा भूगोलाला गेला! भूगोलाला अप्पांनी आजतागायत माफ केलेलं नाही.

नोकरी लागली तेव्हा अप्पांनी चौकशी केली. ती विनायकनं आम्हाला जशीच्या तशी सांगितली होती.

"कुठल्या गावचा नकाशा काढतोस?"

"गाव नाही अप्पा, दलदल आहे."

"राहतं कोण तिथं?"

"कुणी नाही."

"रस्ता?"

"नाही."

"मग नकाशा बघणार कोण? बदकं?"

झालं! त्या दिवसापासनं आमच्या ऑफिसात क्लायंटला बदकं म्हणतात. "बदकांचा मेल आला का?" "बदकांनी पेमेंट सोडलं का?" हिरेमठ सरसुद्धा एकदा फोनवर बोलताना जीभ चावून थांबले.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. अप्पांचे गुडघे गेले. पोती उचलणं सोडा, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढणंही होईना. त्यांनी विनायकला समोर बसवून सांगितलं, ही एवढी नदी पुरी कर, मग मात्र दुकानात ये. विनायक हो म्हणाला. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तो मला म्हणाला, "अक्का, मला हे काम सोडवत नाही. आणि अप्पांना नाही म्हणवत नाही." घास तसाच हातात धरून बसला होता. मला फार वाईट वाटलं. मी त्याला माझ्या डब्यातली शेंगाचटणी वाढली, दुसरं काय करणार.

* * *

आमचे मधू अण्णा वयानं सगळ्यात मोठे. कालव्यांचे नकाशे हातानं काढण्यात उमेदीची वर्षं गेली, रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडं आले. त्यांच्याकडं काम होतं प्रवाहाची दिशा द्यायचं. पाणी कुठनं कुठं जातं तसा बाण टाकत जायचा.

आता आमच्याकडचं पाणी कसं, धारवाडच्या एका अंगाला पडलं तर पश्चिमेच्या समुद्राला, दुसऱ्या अंगाला पडलं तर पूर्वेच्या. ही नदी मात्र उत्तरेला जाते. म्हणजे स्क्रीनवर खालून वर!

अण्णांच्या हाताला ते पटेना. डोक्याला कळत होतं, पण हात बाण खालीच ओढायचा. मी तपासायला घेतलं तर अर्धी नदी वर चाललेली, अर्धी खाली आणि मधे दोन्हींची टक्कर!

"अण्णा, अहो हे काय?"

"अगं, पाणी वर चढलेलं मी जन्मात काढलेलं नाही! इतक्या वर्षांचा हात आहे, एकदम कसा ऐकेल?"

मग अण्णांनी स्वतःच तोड काढली. नकाशा फिरवला आणि दक्षिण वर करून टाकली. आता पाणी खाली वाहायला लागलं, अण्णा खूश, बाण बरोबर, मीही खूश.

पुढं एकदा हेदर मॅडमबरोबर मीटिंग होती. ह्या तिकडच्या कंपनीच्या मॅडम, आमचं सगळं काम त्यांच्या हातात. सरांनी घाईत नेमकी अण्णांचीच स्क्रीन शेअर केली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "छान काम आहे. पण ही नदी कुठली?"

अण्णा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघ! स्वतःच्या घरची नदी ओळखेना बाई!"

* * *

शिल्पाचा आणखी एक आहे. तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्या दलदलीत तळी किती म्हणून सांगू! आणि एकालाही नाव नाही, नुसते नंबर. नंबरांनी बोलायला जीव कंटाळतो. म्हणून आम्ही आपापसात नावं ठेवली. मोठं गोल होतं ते हुबळीच्या तळ्यावरनं उणकल. झाडीतलं शांत होतं ते धारवाडच्या तळ्यावरनं साधनकेरी. एक लांबडं तळं होतं, त्याला अण्णा हुबळी-धारवाडच्या लांबलचक बसरस्त्यावरनं बीआरटीएस म्हणायचे. ही सगळी नावं तेवढ्यापुरतीच असायची आणि काम पाठवायच्या आधी पुसायची, असा नियम मीच केला होता.

शिल्पाच्या वाट्याला एक तळं आलं होतं. काठ कुठनंही सरळ नाही. आज पूर्ण केलं म्हणावं तर उद्या दुसऱ्या फोटोत त्याला नवीन कोपरा फुटलेला. तीन वेळा काढलं, तिन्ही वेळा मी परत पाठवलं. तिनं त्याला नाव दिलं 'सासूबाई'. आणि ते पुसायचं राहिलं!

महिन्याभरानं बदकांचा मेल. पाणथळीतल्या एका तळ्याला तुम्ही 'सासूबाई' असं नाव दिलेलं दिसतं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावांची आम्ही काळजीपूर्वक नोंद घेतो. हे नाव आमच्या कोणत्याच यादीत नाही. तरी नावाचा सोर्स कळवावा.

सर मेल घेऊन तणतणत आले. "शिल्पा! सोर्स विचारतायत! काय सांगू?"

शिल्पानं चष्मासुद्धा काढला नाही. "सोर्स कलघटगीला आहे सर. पहाटे उठतो आणि मलाही उठवतो."

* * *

बर्फ आमच्यातल्या एकानंही पाहिलेला नाही. फ्रीजमधला तेवढा पाहिलाय. आणि कामात तर पावलोपावली प्रश्न, हे पांढरं आहे ते काय? ताजा बर्फ, जुना गोठलेला थर, वाळू की ढगाचा तुकडा? मॅडमनी ह्याची ओळख पटवायला एक जाडजूड मॅन्युअल पाठवलं होतं. ते वाचून अण्णांना झोप यायची आणि शिल्पाला भूक.

शेवटी विनायकनं सगळ्यांना उभं केलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा. हा मैदा, ताजा बर्फ. ही खडीसाखर, जुना थर. हा रवा, वाळू. आणि कडेला विस्कटलेत ते चुरमुरे, म्हणजे ढग." बास! दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. त्यानंतर आमच्या खोलीत आवाज यायचे ते असे, "अण्णा, तो रवा आहे हो, मैदा कशाला म्हणताय?" "अक्का, इथं खडीसाखरेवर मैदा पडलाय, काय करू?" खालच्या वर्कशॉपमधला माणूस एकदा वर आला आणि मेस सुरू केली का म्हणून विचारून गेला.

मी आपलं सहज हसत म्हटलं, "विन्या, तू दुकान सोडून इकडं आलास, पण दुकान तुला सोडतंय कुठं?"

सगळे हसले. तो हसला नाही. चष्मा घातला आणि काठाकाठानं रेघ ओढत बसला. मला नंतर चुटपुट लागली, पण बोललेलं काही परत घेता येत नाही. संध्याकाळी त्याला खाली नेऊन गिरमिट खायला घातलं. त्यानं खाल्लंही, वर माझ्यातलं थोडं घेतलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

* * *

हेदर मॅडम एकदा स्वतः हुबळीला आल्या. त्याही भर उन्हाळ्यात! सरांनी ऑफिसला रंग दिला. अण्णांनी धारवाडहून पेढे आणले. शिल्पा जरीकाठाची साडी नेसून आली आणि खालच्या वर्कशॉपवाल्याला आम्ही हात जोडून सांगितलं की आज दिवसभर लेथ बंद ठेव बाबा.

मॅडम बसल्या. पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला. विनायक कधीपासनं ह्या क्षणाची वाट बघत होता. तो पुढं झाला.

"मॅडम, तिथं उभं राहिल्यावर कसं वाटतं हो?"

"कुठं?"

"नदीवर."

मॅडम हसल्या. "मी कधी गेले नाही. रस्ताच नाही ना. छोट्या विमानानं जावं लागतं. आमच्या ऑफिसातलं कुणीच गेलेलं नाही."

म्हणजे हे तिकडून सांगणार, आम्ही इकडून काढणार आणि बघितलेली कुणीच नाही!

सगळ्यात आधी सावरले अण्णा. उठले, स्वतःची खुर्ची मॅडमना दिली, चष्मा घातला त्यांच्या डोळ्यांवर आणि माऊस हातात घेऊन निघाले की दाखवायला! अण्णांचं इंग्रजी कालव्याच्या सरकारी इंग्रजीतलं, पण उत्साह कुठल्याही गाईडला लाजवेल असा. हा मुख्य प्रवाह, मॅडम. हा जुना प्रवाह, नदीनं टाकून दिला. इकडं उंचवटा आहे, दुपारी बसायला चांगली जागा. मॅडम मान डोलवतायत, "ओ, सुंदर!" म्हणतायत.

माऊस एका काठाशी आला आणि अण्णा एकदम थांबले.

"इथं जपून हं मॅडम. वरनं गवत दिसतं, पण पाय टाकला की गेला!"

आणि मॅडमनी खुर्चीखाली पाय आखडून घेतले!

* * *

इतकं होईपर्यंत नदी संपत आली होती. तिथंच खरी पंचाईत.

अप्पांचा दर दोन दिवसांनी विनायकला फोन. "संपली का नदी?" घरी आलेले पाहुणे गेले का म्हणून विचारावं, तसा आवाज. विनायक म्हणायचा, "थोडी राहिलीय अप्पा." सरांनी तर पुढचं काम घेतलंच नव्हतं. मॅडम विचारत होत्या, नदीचा ह्याच्या पुढचा भागही करता का? सर आमच्यापाशी म्हणायचे, "विनायक गेल्यावर कुणाच्या जिवावर हो म्हणू?" म्हणजे विनायकचं दुकान ठरलं की आमचंही दुकान डळमळणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग कुणी न सांगता एक गंमत सुरू झाली. अण्णांना अचानक बारीकबारीक फाटे दिसायला लागले. "हा ओहोळ राहिलाय बघ, विनायक." शिल्पाला प्रत्येक फाट्याला उपफाटा दिसू लागला. मी, जी चुका काढते म्हणून बदनाम, ती आता शंका काढायला लागले. "विन्या, ह्या काठाचं मला समाधान नाही. पुन्हा बघ." पोरगं गुमान पुन्हा बघायचं. खोटं काही नव्हतं हं, सगळे फाटे खरोखरचे होते. फक्त एरवी त्यांच्याकडं आम्ही एवढ्या प्रेमानं बघितलं नसतं!

नदी काही पुढं सरकेना. आता मॅडमचा मेल येणार, वेळ का लागतोय म्हणून झाडणार, अशी सरांना धास्ती. आणि आला मेल. सरांनी घाबरत उघडला, वाचला आणि पुन्हा वाचला. इतकं बारकाईनं काम आजवर कुणी केलं नव्हतं, सगळ्या टीमचं मनापासून अभिनंदन!

सर बाहेर आले, आमच्याकडं एकेकाकडं बघितलं आणि म्हणाले, "टंगळमंगळ केल्याबद्दल अभिनंदन झालेलं हे जगातलं पहिलं ऑफिस असेल!"

* * *

आता शेवटचा. हा मी आजवर दोघातिघांनाच सांगितलाय.

किती म्हटलं तरी शेवटी शेवटचा तुकडा आला. विनायक त्याच्यावर बसला होता. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी. जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेक पायरी, मधे थांबणं, पुन्हा पायरी. दारात अप्पा! आम्ही त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे आत आले.

सरांना नमस्कार केला आणि कानडीत म्हणाले, "मगन्न करकोंड होगाक बंदेन्री." मुलाला न्यायला आलोय! बालवाडीतनं न्यावं, तसं.

सरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, पाणी दिलं. गुडघ्यांची चौकशी केली. हवापाण्याचं बोलले. तेवढा वेळ विनायक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. शेवटी अप्पाच मराठीत त्याला म्हणाले, "बघू तरी रे, इतकी वर्षं काय करत होतास ते."

विनायकनं त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. चष्मा दिला. अप्पांनी तो आपल्या चष्म्यावरच चढवला. विनायकनं नकाशा पुढं आणला आणि अप्पा जरा मागं सरकले. समोर पाणी उमललं होतं ना! मग त्यांनी हात पुढं केला, हवेत चाचपला, खाली घेतला. विनायक हळूहळू नकाशा सरकवत होता.

"पाणीच पाणी की रे."

"होय अप्पा."

"थांब. ते काय?"

आम्ही सगळे वाकलो. एका बारीक फाट्याच्या काठाला झाडीत छोटासा चौकोन. छप्पर! शेजारी पाण्यात एक लांबट ठिपका, होडी बांधल्यासारखा. ह्या तुकड्यात घर आहे हे कुणीच बघितलं नव्हतं. मीही नाही.

"घर असावं," विनायक म्हणाला.

"कुणी राहत नाही म्हणालास."

आता पोराला बोलणी बसणार असं मला वाटलं. अप्पा चष्म्यातनं त्या छपराकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग हा किराणा कुठनं आणतो?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखा त्यांचा आवाजच नव्हता. बाजारात गिऱ्हाईक बराच वेळ आलं नाही तर माणूस काळजीनं विचारतो, तसं विचारत होते.

"जवळची पेठ कुठली?"

"एक वस्ती आहे अप्पा. बरीच पुढं. तिथं दुकान आहे म्हणतात."

"रस्ता नाही म्हणालास."

"नाही. पाण्यानंच जायचं."

"मग दाखव, कसा जातो."

आणि दोघं निघाले. विनायक माऊस चालवतोय आणि अप्पा सांगतायत. "डावीकडं घे. इथं रुंद आहे. हां, जाऊ दे." अप्पांचं बोट सरळ स्क्रीनवर! स्क्रीनला बोट लावलेलं मला अजिबात खपत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी काही बोलले नाही. एक फाटा गवतात जाऊन बंद झाला. "छे! फिरव मागं. माणसाला चुकीच्या वाटेला घालतोस होय?" विनायकनं मागं फिरवलं. दुसरा फाटा मोठ्या पाण्याला लागला आणि अप्पा "हं!" म्हणून पुढं सरकले. चहा गार झाला. खालचं लेथ कधी बंद झालं ते कळलं नाही. मधू अण्णांना राहवेना, ते मागनं एकदा "उजवीकडनं जवळ पडेल" म्हणाले, तर अप्पा चष्म्यातनंच म्हणाले, "तिकडं उथळ असणार. भरलेली होडी आहे."

मोठ्या पाण्यानं जाता जाता एकाएकी स्क्रीनवर नदी तुटली. पुढं नुसता करडा रंग.

"काय झालं?"

"आपला तुकडा संपला अप्पा," विनायक म्हणाला. "इथवरच होतं काम."

"आणि पेठ?"

"पेठ पुढच्या भागात आहे."

"मग काढ की पुढचा."

विनायकनं सरांकडं बघितलं. सर खाकरले. "अप्पा, ते काम अजून आपण घेतलेलं नाही. विनायक तर चाललाच ना आता, म्हणून..."

अप्पांनी चष्मा उतरवला. त्याची दोन्ही हातांनी नीट घडी घातली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, विनायक आधार द्यायला पुढं झाला तर त्याचा हात बाजूला केला. उभे राहिले, काठी घेतली, दारात जाऊन चपला पायात सरकवल्या. मग वळून सरांना म्हणाले, "ते काम घ्या."

आणि विनायकला म्हणाले, "तो माणूस तेलमीठ घेऊन परत घरी पोचल्याशिवाय तू माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस!"